काटा कुठंय?

जुन्या कात्रज घाटात, बोगद्याच्या दोन वळणं अलीकडे,
विटांच्या ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना
काटा उठला.
आम्ही तेव्हा भोरच्या प्लॉटवर बोलत होतो,
म्हणजे उल्हास बोलत होता आणि मी
त्याच्या भावाच्या सहीची लायकी सांगत होते.
भर एप्रिलात मी हीटर पुरता सोडला,
काचा खाली केल्या.
त्याला वाटलं, सूड.
इंजिनाची धग कधी कधी अंगावर घ्यावी लागते,
एवढं समजावण्याइतका दम घाटात कुणाला असतो.

मग दोन दिवस घरात
फक्त कुकर बोलला.

रविवारी, रात्रभर निवल्यावर,
धनकवडीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं.
गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही,
हे मला भोसरीत एका शिकाऊ पोराच्या
भाजलेल्या मनगटानं शिकवलंय.
रेडिएटरच्या तोंडाशी हिरवं दिसायला हवं,
दिसला गंजाचा चोथा.
सहा वर्षं यात टँकरचं पाणी कुणी ओतलं
ते मी विचारलं नाही.
दोघांनीही ओतलं होतं.

खालची नळी सोडली. बादली, परात, पुन्हा बादली.
चौथ्या खेपेला पाणी स्वच्छ आलं
आणि वॉचमन नागनाथ म्हणाला, आता पिऊन बघा.

थर्मोस्टॅट काढला,
दोऱ्यानं बांधून चहाच्या पातेल्यात सोडला,
शेजारी कारखान्यातून मागून आणलेला लांब थर्मामीटर.
सत्तर. पंच्याहत्तर. ढिम्म.
ब्याऐंशीला उघडला,
आधी नाण्याच्या कडेएवढा,
मग सगळा.
दारात उल्हास.
"त्यात परत चहा करणारेस?"
दोन दिवसांतलं पहिलं वाक्य,
आणि थर्मोस्टॅट निर्दोष.

उरला पंखा.
हे काम एकट्यानं होत नाही,
एक जण आत लागतो, एक बॉनेटपाशी.
"काटा कुठंय?"
"अर्ध्याच्या खाली."
"आता?"
"अर्ध्यावर."
"आता?"
"केसभर वर. पंखा फिरतोय का?"
"नाही. तू काटा बघ."
"काटाच बघतोय."

गाडी बंद केली. बॅटरीवरून सरळ दोन वायरी दिल्या,
भुर्रकन फिरला. म्हणजे मोटर जिवंत,
फक्त तिला कुणी उठवत नव्हतं.
फ्यूजच्या डबीत काड्यापेटीहून लहान काळे रिले,
पंख्याचा आणि हॉर्नचा, दोघे जुळे.
उचलून अदलाबदल केली.
"काटा?"
"अर्ध्यावर."
"आता?"
"वर… थांब. थांबलाय. अगं,
खाली येतोय!"
माझ्या तोंडावर गरम वाऱ्याचा झोत
आणि आतून तो, एखाद्याला मुलगा झाल्यासारखा.

आता हॉर्न मेला, ते ओघानं आलं.

सोमवारी मुकी गाडी घेऊन नाना पेठेत निघालो.
पुण्यात हॉर्नशिवाय म्हणजे
लग्नात चपलांशिवाय, चालता येतं,
पण सगळे बघतात.
स्वारगेटला उल्हास काचेतून अर्धा बाहेर,
"ओ काका! ओ मावशी! जरा…"
सेव्हन लव्ह चौकात डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेली
एक ॲक्टिव्हा वळून म्हणाली,
"हॉर्न नाहीये का तुम्हाला?"
"आहे," तो म्हणाला, "सध्या पंख्याला दिलाय."
सिग्नल हिरवा झाला तरी मी हसत होते.
मागच्यांनी आमच्या वाट्याचेही हॉर्न वाजवले.

रिले एकशे ऐंशीला. हुसेनभाई म्हणाले,
एक जास्तीचा ठेवा, हा सांगून जात नाही.
ठेवला.

प्लॉटचं काही ठरलेलं नाही.
आणि घाट चढल्याशिवाय
गाडी दुरुस्त झाली असं मी म्हणत नाही.
पुढच्या रविवारी पुन्हा भोर.
मी चालवीन, तो काटा बघेल.
भावाचा विषय काढायचाच आहे,
पण उतारावर.